जवळ, दूर, सपाट

१२ ऑक्टोबर, रविवार

प्रशील संध्याकाळी धुळ्याला गेला. आठवडाभर तो तिकडेच असतो, नरडाण्याच्या कारखान्यात कामाला, आणि शनिवारी घरी जळगावला येतो. दोन वर्षं झाली या व्यवस्थेला. लेक नागपूरला शिकायला गेल्यापासून इतर दिवशी मी एकटीच. लोक हळहळतात, पण मला विचाराल तर ज्या नवरा-बायकोला एकमेकांपासून लांब राहता येतं त्यांचं खरं बरं चाललेलं असतं. हे मी माझ्या समुपदेशन सेंटरवरही सांगते.

पुण्याच्या संस्थेचं काम नक्की झालं. नवरा-बायकोंच्या बोलण्यावर त्यांचं मोठं संशोधन चालू आहे, त्यातला खानदेशचा भाग माझ्याकडे आणि धुळ्याच्या यास्मिनकडे. ती तिथल्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. पद्धत सोपी आहे. जोडप्याच्या घरी जायचं, दोघांना खोलीत बसवायचं, मधे रेकॉर्डर ठेवायचा आणि आपण बाहेर थांबायचं. ज्या गोष्टीवरून त्यांचं पटत नाही तिच्यावर त्यांनी पाव तास बोलायचं. मग यास्मिनने आणि मी वेगवेगळं बसून प्रत्येक वाक्यावर खूण करायची. जोडीदाराकडे सरकणारं वाक्य 'जवळ', त्याला ढकलणारं 'दूर', काहीच न करणारं 'सपाट'. संस्थेने यांना भलीमोठी नावं दिली होती, हे शब्द यास्मिनचे. खुणा जुळल्या नाहीत की दोघींनी समोरासमोर बसून मिटवायचं.

जेवताना प्रशीलला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग आपलंही कर की एकदा. ठेव ते यंत्र मधे."

मी म्हटलं, नात्यातलं जोडपं नियमात बसत नाही. आणि आपलं कुठल्या गोष्टीवरून पटत नाही?

"शोधू ना," तो म्हणाला. "सापडेल काहीतरी."

आज स्वारी गमतीत होती. निघताना डबा विसरून गेला.

१९ ऑक्टोबर, रविवार

प्रशीलच्या कंपनीचा गुजरातेत, दहेजला, नवा कारखाना उभा राहतोय. त्याला तिकडे बढतीवर बोलावलं आहे. नोव्हेंबर संपायच्या आत हो किंवा नाही सांगायचं. गेला तर महिन्यातून एकदा येणं होईल, तेही जमलं तर.

सकाळी चहाला बसलो असताना त्याने हे सांगितलं आणि विचारलं, "जाऊ का?"

मी म्हटलं, "तुला काय वाटतं?"

हे मी मुद्दाम केलं. समुपदेशकाने सल्ला द्यायचा नसतो, प्रश्न ज्याचा त्याला परत करायचा असतो. अठरा वर्षं लोकांना जे शिकवते ते स्वतःच्या घरात पाळलं नाही तर मग मी भोंदूच. त्याच्या नोकरीत माझं वजन पडायला नको. उद्या तिकडे मन रमलं नाही, किंवा न जाऊन पस्तावला, तर आयुष्यभर माझ्या नावाने खडे फोडील. अशी जोडपी माझ्यासमोर रोज बसतात.

तो गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायला गेला. पाणी मी सकाळीच घातलं होतं, तसं सांगितलंही. तरी घातलं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

पहूरला गेले होते. सुपडू आबा आणि लिलाबाई. दोघं सत्तरीच्या पुढची, मुलगी चाळीसगावला दिलेली. ती वडिलांना हिवाळाभर आपल्याकडे राहायला बोलावते आहे. घरात म्हैस, म्हणून लिलाबाईंना गाव सोडता येत नाही. पटत नाही ते यावरूनच.

सगळ्यांना बाहेर काढलं, रेकॉर्डर ठेवला आणि मी ओट्यावर जाऊन बसले. घरी येऊन ऐकलं तर सुरुवातीला नुसती बांगड्यांची किणकिण. दोघं यंत्राला लाजलेली. मग लिलाबाई बोलल्या. नवऱ्याचं नाव सोडाच, मी आत असतानाच पाहिलं होतं, त्या त्याच्याकडे तोंड करूनही बोलत नाहीत, समोरच्या भिंतीला सांगितल्यासारखं बोलतात.

"चाळीसगावले जायाचं नाही."

"लेक बलावते तं जाऊ नको का?"

"नको जाऊ."

"हिवाळाभर तं जातो. मंग येतोच ना."

"हिवाळ्यातच तं करमत नाही मले."

यावर आबा हसले आणि मग दोघं गप्प. उरलेला सगळा वेळ टेपवर फक्त पंखा आणि मधूनच अडकित्ता.

मी खुणा केल्या. 'जायाचं नाही' दूर, 'नको जाऊ' दूर. नवऱ्याच्या निर्णयावर सरळसरळ दबाव आहे आणि स्वतःच्या गरजेचं ओझं त्याच्यावर टाकलं आहे. आबांचं हसणं म्हणजे विषय टाळणं, तेही दूर. शेवटची शांतता सपाट. इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित मिळतं. पुढच्या प्रशिक्षणात वापरायला हवं.

९ नोव्हेंबर, रविवार

प्रशील आला नाही. जादा ड्यूटी आहे म्हणाला. दुपारी त्याने फोटो पाठवला: घरमालकाच्या अंगणात तुराट्यांवर वांगी भाजतायत, शेजारी दोन ताटं मांडलेली. खाली लिहिलं होतं, 'भरीत तयार. कळण्याची भाकरी पण आहे.' मी अंगठा पाठवला.

त्या दोन ताटांचीही गंमतच आहे. धुळ्याला खोली घेतली तेव्हा या माणसाने एकट्यासाठी दोन खाटा, दोन ताटं, दोन उशा घेतल्या. मी तेव्हा खूप हसले होते. एकटा माणूस आणि संसार दोघांचा. तो म्हणाला होता, जोडीने घेतलं की स्वस्त पडतं.

संध्याकाळी वरण-भात लावला. एकटीसाठी कुकर लावणं जिवावर येतं, पण सवय मोडायची नाही असं ठरवलं आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज एका पतसंस्थेच्या सभासदांपुढे माझं भाषण होतं, विषय 'सुखी सहजीवन'. हॉल बऱ्यापैकी भरला होता. बोलता बोलता शेवटच्या रांगेकडे लक्ष गेलं, तर तिथे प्रशील. शुक्रवारी. रजा टाकून आला होता आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. कंपनीचं जाकीट अजून अंगावरच होतं.

शेवटी प्रश्न विचारा म्हटल्यावर एकदोघांनी विचारले. मग हा उभा राहिला. संस्थेचे अध्यक्ष शालिग्राम भाऊ, त्यांना हा कोण ते ठाऊक नाही, त्यांनी अगत्याने माईक पोचवला.

"मॅडम," प्रशील म्हणाला, "बायको कधीच भांडत नसेल, कशालाच नाही म्हणत नसेल, तर नवऱ्याने काय समजावं?"

हॉल हसला. मागून कोणीतरी म्हणालं, नशीबवान समजावं. मलाही हसू आलं. पण प्रश्न चांगला होता, म्हणून नीट उत्तर दिलं. म्हटलं, भांडण नसणं म्हणजे प्रेम नसणं नव्हे. समोरच्याला त्याचे निर्णय त्याला घेऊ देणं ही नात्यातली सर्वात मोठी मोकळीक आहे. टाळ्या पडल्या.

तो "थँक्यू मॅडम" म्हणून बसला.

कार्यक्रमानंतर शेवभाजी खायला जाऊ म्हणाला, पण मला आयोजकांबरोबर थांबणं भाग होतं. मी मोकळी झाले तेव्हा तो धुळ्याच्या बसने गेला होता. फोनवर म्हणाला, "छान बोललीस. सगळ्यांना पटलं." मला त्याचं रजा टाकून येणं आवडलं, पण तसा प्रश्न चारचौघांत कशाला विचारायचा हे कळलं नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

धुळ्याला, यास्मिनकडे. दिवसभर खुणा जुळवल्या. बहुतेक टेप पटकन मिटल्या, गाडी अडली ती पहूरच्या टेपवर. मी जिथे जिथे 'दूर' लावलं तिथे तिथे तिने 'जवळ' लावलेलं. शेवटच्या शांततेलासुद्धा 'जवळ'.

मी म्हटलं, "अगं, ती त्याला सरळ नको जाऊ म्हणते. हुकूम आहे हा."

"आहेच."

"मग?"

"मग तो का हसला?"

"विषय टाळायला."

यास्मिनने ती जागा पुन्हा लावली. आबांचं हसणं दोघींनी ऐकलं. "याला टाळणं म्हणतेस?" ती म्हणाली. "मृणाली, म्हातारा खूश झालाय. कोणाला तरी आपल्याशिवाय करमत नाही हे त्याने यंत्रासमोर वदवून घेतलं. आणि नंतर बघ ना, पाव तास संपेपर्यंत उठलं का कोणी?"

मी म्हटलं, उठायचं नाही असं आपणच सांगितलं होतं. यावर तिने कपाळाला हात लावला. बऱ्याच वादानंतर 'एकमत नाही' असा शेरा मारून टेप बाजूला ठेवली. इतक्या कामात पहिल्यांदाच असं झालं आणि मला ते लागलं. यास्मिन हुशार आहे, पण भावुक आहे. तिचा नवरा अतिक तिला भाजीसुद्धा विचारल्याशिवाय आणू देत नाही आणि त्याचं तिला कौतुक.

निघताना ती म्हणाली, "आता प्रशीलकडे जाशील ना? देवपूरची त्याची खोली इथून जवळच तर आहे."

मी म्हटलं, नाही, तो ड्यूटीवरून दमून येईल, उगाच कशाला त्याची धावपळ. शेवटची बस निघून जायची.

"दोन वर्षांत किती वेळा राहिलीस तिथे?"

एकदाही नाही. तशी वेळच आली नाही. तो येतोच की शनिवारी. ती मला बसस्टँडपर्यंत सोडायला आली. प्रशील अजून मला त्या खोलीवर चल असं स्पष्ट म्हणालेला नाही, हे बसमध्ये आठवलं. म्हणाला असता तर गेले असते.

३० नोव्हेंबर, रविवार

त्याने होकार कळवला. जेवण झाल्यावर पुन्हा विचारलं होतं, "मग? जाऊ ना?" या वेळी शब्द थोडे वेगळे होते, पण मी जागी होते. म्हटलं, "तुझा निर्णय आहे. जो घेशील त्याचा मी आदर करीन."

तो हसला नाही, चिडलाही नाही. मोबाइल घेतला, गॅलरीत गेला आणि साहेबांना फोन लावला. आतून ऐकू येत होतं, "हो सर, घरून काही अडचण नाही."

आठ तारखेला, सोमवारी, नरडाण्याहून गाडीने सुरत आणि पुढे दहेज.

माझ्याकडून काही चुकलं असं वाटत नाही. एक वाक्य कमी नाही, एक जास्त नाही. ही टेप असती तर मी सगळीकडे काय लावलं असतं? विचार करून बघितला. मला 'जवळ' लावायचं होतं. कुठे लावू ते सापडलं नाही.

३ डिसेंबर, बुधवार

सेंटरला एक जोडपं आलं होतं. नवरा भूषण, बायको सारखी रडत होती की हा मला एकटीला सोडून मित्रांबरोबर जातो. मी तिला म्हणाले, त्याला मोकळीक द्या. ती म्हणाली, "मॅडम, मोकळीक दिली की तो खरंच जातो." मी त्यांना पुढच्या आठवड्याची वेळ दिली आणि वही मिटली.

घरी येऊन काही कारण नसताना पहूरची टेप लावली. काम संपलं आहे, शेरा मारून झाला आहे. तरी लावली. 'हिवाळ्यातच तं करमत नाही मले.' परत मागे घेतली, परत ऐकली. मग ओट्यापाशी उभी राहून तेच वाक्य मोठ्याने म्हणून बघितलं, माझ्या भाषेत. मला करमत नाही. फ्रीज तेवढा ऐकत होता. आवाज माझाच असून ओळखीचा वाटला नाही.

खरं लिहायचं तर मला भीती वाटते आहे. दोन वर्षं शनिवार येतो म्हणून बाकीचे वार निघत होते. शनिवारी दुपारपासून मी भाजी काय करायची ठरवते, जिन्यावर पावलं वाजली की गॅस मोठा करते. हे मी त्याला कधी सांगितलेलं नाही. त्याला ते दिसतच असणार असं मी धरून चालले होते.

रविवारी धुळ्याला जाते. सामान आवरायला मदत म्हणून. आणि सांगते. अजून सोमवार उजाडायचा आहे, माणूस फोन करून नाही म्हणू शकतो. वाक्य तयार आहे, लहान आहे.

६ डिसेंबर, शनिवार

सकाळी पांढरी साडी नेसून पुतळ्यापाशी मेणबत्ती लावून आले. लग्न झाल्यापासून आज पहिल्यांदा एकटी. रांगेत एका ओळखीच्या बाई म्हणाल्या, "साहेब नाही आले?" मी म्हटलं, आवराआवर चालली आहे. तो तिकडे धुळ्याच्या पुतळ्यापाशी गेला असेल. वारा होता, मेणबत्ती टिकेना. दर वर्षी तो तळहात आडवा धरतो.

७ डिसेंबर, रविवार

सकाळच्या बसने धुळ्याला गेले. वाटेत पारोळ्यापर्यंत ते वाक्य घोकत होते.

घरमालक धनसिंग नाना दारातच भेटले. पांढरी टोपी, हातात पाण्याची बादली. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी बादली खाली ठेवली.

"तुम्हीच का त्या बाई? दोन वरीस पासून भाऊ म्हने, बाई येवाव शे, बाई येवाव शे. आते ऊनात, तं बठ्ठं रिकामं व्हई गयं."

दोन वर्षं तो त्यांना बाई येणार आहे म्हणून सांगत होता, आणि मी आले ती सगळं रिकामं झाल्यावर. वर गेले.

खोली माझ्या समजुतीपेक्षा मोठी निघाली. दोन खाटा, मधे खिडकी. एका खाटेवर त्याचे कपडे, पुस्तकं, बॅग. दुसरीवर काहीच नाही, नुसती चादर, घडी न मोडलेली. आरशाजवळ खिळ्याला टिकल्यांचं पाकीट अडकवलेलं. मी लावते त्याच मापाच्या, बंद.

मी त्या दुसऱ्या खाटेवर बसले आणि मला उठवेना. प्रशील भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होता. "दमलीस का?" म्हणाला. मी नाही म्हटलं. वाक्य ओठावर होतं. म्हटलं, आधी हातातलं काम होऊ दे, मग शांतपणे बोलू.

त्याने दोन्ही ताटं हातात घेतली. माझ्याकडे न बघता विचारलं, "दोन्ही नेऊ की एकच?"

आणि मी म्हणाले, "तुला काय वाटतं?"

तोंडातून निघून गेलं. अठरा वर्षांची जीभ आहे, ती माझं ऐकत नाही. मी लगेच काहीतरी म्हणायला गेले, पण तो मान हलवून वाकला होता. एक ताट कागदात गुंडाळून खोक्यात ठेवलं. दुसरं माझ्या पिशवीत घातलं.

"हे घरी ने. तिथे एक पुरेल."

त्यानंतर टेम्पोवाला आला, नाना वर आले, खाटा उतरवायच्या निघाल्या. चारचौघांत मला ते वाक्य काढता आलं नाही. लिलाबाई भिंतीकडे बघून का होईना, बोलल्या होत्या. मला भिंतसुद्धा चालली असती, पण सगळ्या भिंतींपाशी माणसं उभी होती. त्याने मला बसमध्ये बसवून दिलं, खिडकीतून पाण्याची बाटली दिली, गाडी हलेपर्यंत थांबला.

घरी येऊन त्या ताटात जेवले. भात, वरण, लोणच्याची फोड. नवंकोरं ताट आहे, दुकानाचा कागद मागे अजून चिकटलेला. ते बघून रडू आलं ते आवरेना, आणि आवरायचं कोणासाठी?

तेवढ्यात त्याचा फोन. "पोचलीस का?"

"पोचले."

"बरं."

एरवी इथे आम्ही फोन ठेवतो. मी ठेवला नाही. तोही ठेवीना. पलीकडे रिकाम्या खोलीत त्याचा श्वास ऐकू येत होता. यास्मिनने इथे काय लावलं असतं ते मला माहीत आहे.

मी डोळे मिटून म्हटलं, "प्रशील, जाऊ नको. मला करमत नाही."

तो म्हणाला, "हे तू सांगतेस की विचारतेस?"

"सांगते."

मग तो हसला, अगदी हळू. मी ते हसणं ओळखलं. हे मी टेपवर ऐकलं होतं आणि त्याला 'दूर' लावलं होतं.

"कागदांवर सही झाली गं," तो म्हणाला. "आता जावं लागेल."

"हो."

"ते ताट आहे ना तुझ्याकडे?"

"आहे. त्यातच जेवले."

"मग घासून ठेव," तो म्हणाला. "येशील तेव्हा घेऊन ये."

कधी येऊ, ते मी विचारलं नाही. शुक्रवारी येते असं सांगितलं.